खांबेट्यांच्या कागदांची मागची बाजू

बळवंतकाकांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती फुकट मिळण्यासारखी होती. त्यांच्या संशोधनावर कोणीतरी त्यांना एक प्रश्न विचारावा. पुरस्कार नको, शाल-श्रीफळ नको, फक्त एक प्रश्न. पण फुकटच्या गोष्टी मिळायलाच दिल्लीत जास्त वेळ लागतो.

प्राध्यापक बळवंत खांबेटे म्हणजे माझ्या प्रभामावशीचे यजमान. दिल्लीतल्या एका विद्यापीठात त्यांनी निवृत्त होईपर्यंत भौतिकशास्त्र शिकवलं. संशोधनाचा विषय असा, की स्फटिकात बाहेरचा एखादा परका अणू शिरला तर तो जागा कुठे पकडतो, मुक्काम किती दिवस ठोकतो आणि सरकत सरकत बाहेर कसा पडतो. मला एवढंच कळलंय, आणि एवढं कळायलासुद्धा मला आधी केंद्र सरकारातून निवृत्त व्हावं लागलं. काका या विषयावर गावोगावच्या परिषदांमध्ये बोलत. बोलणं संपलं की अध्यक्ष विचारत, ‘एनी क्वेश्चन्स?’ काका चष्मा पुसून सज्ज उभे राहत. सभागृह गप्प. मग अध्यक्ष म्हणत, चहा तयार आहे. एकदा चंदीगडला मागच्या रांगेतून एक हात वर आला होता. काकांचा चेहरा उजळला. त्या गृहस्थांना खिडकी लावून हवी होती.

माणूस वाईट नव्हता, कंटाळवाणाही नव्हता. आमटी फार छान भुरकायचे, क्रिकेटवर तावातावाने बोलायचे. पण त्यांचा विषय निघाला की समोरच्याला काहीतरी काम आठवायचं. मलाही आठवायचं.

आता मावशीबद्दल सांगितलं पाहिजे. दिल्लीतलं मराठी घर म्हणजे बिनभाड्याची धर्मशाळा, हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. कोणी हरिद्वारला निघालेला, कोणी वैष्णोदेवीहून परतलेला, कोणाची बदलीची फाइल मंत्रालयात अडकलेली, कोणाला पानिपतहून स्वस्तात सोलापुरीच्या तोडीच्या चादरी हव्या असलेल्या. सगळे विद्यापीठाच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये उतरत. मी स्वतः मुलाखतीसाठी चार दिवस म्हणून गेलो आणि नोकरी लागेपर्यंत फोल्डिंगच्या खाटेवर राहिलो. मावशीने कधी कोणाला ‘नको’ म्हटलं नाही. तोंडावर तर नाहीच.

तोंडावर नाही म्हणूनच ती लिहायची. आणि लिहायची कशावर, तर पाठकोऱ्या कागदांवर. एका बाजूला छापलेला कागद मराठी माणसाने टाकून दिला तर त्याला सात पिढ्यांचं पाप लागतं, अशी आमच्या घराण्याची समजूत आहे. काकांच्या टेबलावर पाठकोऱ्या कागदांना तोटा नव्हता: आकडेमोडीची पानं, परत आलेले शोधनिबंध, टंकलेखनात चुकलेले मसुदे. मावशी त्यातली चळत उचलून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला चिमट्याने अडकवायची आणि आल्यागेल्याची नोंद करायची. काही दिवसांनी काका ओरडत, ‘माझं बेरजेचं पान कुठंय?’ मावशी ते चिमट्यातून काढून देई. काका पुढची बाजू बघत, फाइलला लावत. मागे काय आहे हे त्यांनी कधी पाहिलं नाही. मागची बाजू हा त्यांचा विषय नव्हता.

पुढे ते दोघं नोएडाला एका सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. पाहुणे ओसरले, कारण आता सगळ्यांना हॉटेलं परवडू लागली होती आणि नोएडा त्यांना दिल्लीत धरायचं की नाही ते कळत नव्हतं. तेवढ्यात विद्यापीठाने अभिलेखागार काढलं आणि जुन्या प्राध्यापकांचे कागद जतन करायचं ठरवलं. काकांनाही पत्र आलं. काकांनी ते फ्रिजवर चुंबकाने लावलं, आणि एक टेम्पो भरून कागद रवाना झाले.

ते कागद लावायला इशिता नावाची मुलगी होती. पानिपतची, मुनिरकात खोली घेऊन राहायची, कामाला वाघ. तिने प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन केला. पुढच्या बाजूला इंग्रजीत परक्या अणूंचं येणं, राहणं, जाणं. मागच्या बाजूला देवनागरीत ‘आला’, ‘राहिला’, ‘गेला’. पोरीने सरळ हिशोब केला, की मागची बाजू म्हणजे पुढच्या सिद्धांताचा पुरावा. तिने सूचीत लिहिलं, ‘लेखकाने मातृभाषेत केलेली प्रत्यक्ष निरीक्षणं. आगमन, मुक्काम, प्रस्थान.’ मध्ये मध्ये येणारी नावं तिला नमुन्यांची सांकेतिक नावं वाटली. मला कोणी ती पानं दाखवली असती तर मीही तेच लिहिलं असतं, आणि वर सही केली असती.

हे सगळं वेबसाइटवर चढलं. वर्षभर कोणी फिरकलं नाही. काका दर महिन्याला इशिताला फोन करून विचारत, ‘बेटा, कोई आया?’ ती म्हणे, ‘अभी तो नहीं, सर.’ ते ऐकताना मावशी भाजी निवडत बसलेली असे, आणि एकेक शेंग जरा जास्तच जोरात मोडे.

मग पुण्याच्या निखिलने इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधलं. निखिल हा मावशीच्या चुलतबहिणीचा मुलगा, एका कंपनीत मोठा साहेब. असली माणसं अधूनमधून स्वतःचं नाव शोधत असतात. इशिताच्या मशीनला देवनागरी वाचता येत होतं. निखिलला मिळालं ते असं: ‘निखिल, वय सात. रात्री गादी ओली केली. सकाळी म्हणाला, माठ गळतो. माठ गच्चीवर होता.’

त्याने मावशीला फोन केला. ‘मावशी यार, हे तू लिहिलंयस?’

‘खोटं आहे का?’ मावशीने विचारलं.

निखिलने ही गोष्ट कोणाला सांगितली नसती तर बरं झालं असतं. पण स्वतःची अब्रू गेली की दुसऱ्याची शाबूत आहे का ते बघावंसं वाटतं. त्याने सगळ्यांची नावं शोधली आणि जे मिळालं ते ज्याला त्याला पाठवलं. सोलापूरचे दामूअण्णा, म्हणजे काकांचे चुलतभाऊ, यांच्या नावावर होतं: ‘हरिद्वारला जाताना उतरले. पोळी तव्यावरून थेट ताटात लागते. येताना गंगाजलाची बाटली दिली, आमची छत्री नेली.’ काकांच्या बहीण अहिल्यावन्सं यांच्यावर तीन पानं होती. पहिल्यावर, ‘दिल्लीचं पाणी जड, हवा कोरडी, भाजी बेचव.’ दुसऱ्यावर, ‘मुक्काम वाढवला.’ तिसऱ्यावर, ‘पुन्हा वाढवला.’ मीही गुपचूप माझं नाव टाकून पाहिलं. मनाशी म्हटलं, आपल्याबद्दल माया असणार. बऱ्याच पानांवर सापडलो. सगळीकडे एकच वाक्य: ‘अविनाश आहेच.’

नातेवाइकांत आग लागली. सगळ्यांचं म्हणणं एकच, की ती पानं बंद करा. मी आयुष्यभर नोटिंग-ड्राफ्टिंग केलेला माणूस, तेव्हा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. ‘सदर कागदांची मागची बाजू वाचकांसाठी बंद करण्यात यावी,’ असा मी सुरेख अर्ज लिहिला. उत्तर त्याहून सुरेख आलं. अभिलेखागाराच्या नियमानुसार कागद हे एक एकक असून एकाच बाजूने बंद करता येत नाही. बंद केला तर दोन्ही बाजूंनी बंद.

मी ते मावशीला वाचून दाखवलं. काका गॅलरीत झाडांना पाणी घालत होते. तिने तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

‘म्हणजे ह्यांचीही बाजू बंद होणार?’

‘हो. सगळंच.’

‘मग राहू दे उघडं. मला काय बोलायचं ते बोलू देत लोकांना.’

‘मावशी, अगं सगळे नातेवाईक तुटतील.’

‘तुटू देत. एवढे जोडले त्याचं काय झालं?’ ती म्हणाली आणि कुकर लावायला उठली. तिचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली.

नातेवाईक तुटले नाहीत. त्यांनी त्याहून भयंकर गोष्ट केली: ते दिल्लीला आले. मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दामूअण्णांचा विश्वास बसेना, आणि अहिल्यावन्संना ते अक्षर मावशीचंच आहे का याची खात्री करायची होती. आता दिल्लीला आल्यावर उतरणार कुठे? मावशीकडे. सकाळी मावशीच्या हातचे पोहे खाऊन मंडळी निघत, बोटॅनिकल गार्डनहून मेट्रोने थेट मुनिरकाला, विद्यापीठाच्या अभिलेखागारात जात, तिथे मावशीने आपल्याबद्दल लिहिलेलं वाचून संतापत, आणि संध्याकाळी मावशीकडे जेवायला परत येत. दामूअण्णांना पोळी अजूनही तव्यावरून थेट ताटात लागत होती. मावशी वाढायची, हसायची, आणि ओटा आवरला की नवा पाठकोरा कागद घ्यायची.

काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दामूअण्णा दारातूनच म्हणाले होते, ‘बळवंता, तुझे कागद बघायला आलोय.’ ते खोटं नव्हतं. काकांचे डोळे भरून आले. दर जेवणाला ते दामूअण्णांना परक्या अणूंबद्दल समजावून सांगू लागले. दामूअण्णा मान डोलवत, कारण ताटात पोळी पडत होती. प्रश्न मात्र ते विचारत नसत. खरं काय ते काकांना सांगायला हवं होतं. मावशीलाही ते कळत होतं, मलाही. पण इतक्या वर्षांनी माणूस आनंदात दिसत होता. आमची जीभच रेटेना.

तिकडे वाचकांच्या वहीत पुणे, सोलापूर, नागपूर, इचलकरंजी अशी नावं पडत गेली. खांबेटे संग्रह हा सर्वाधिक वाचला जाणारा संग्रह ठरला. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात छापून आलं, की महाराष्ट्रात घनपदार्थ भौतिकीविषयी मोठं कुतूहल जागं झालं आहे. विभागप्रमुखांनी काकांचं जाहीर व्याख्यान ठेवलं. हे विभागप्रमुख बंगाली, मराठीचा गंध नाही.

‘प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवलाय,’ काकांनी मला फोनवर सांगितलं. ‘अविनाश, अर्धा तास रे. पुरेल का?’

‘पुरेल काका,’ मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

व्याख्यानाच्या दिवशी मावशीने पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरले आणि जाहीर केलं, की आज घर बंद. व्याख्यानाला यायचं ते सामान घेऊन यायचं आणि तिथूनच स्टेशन गाठायचं. त्यामुळे सभागृहात माणसं जेवढी होती तेवढ्याच बॅगा होत्या. पानिपतच्या ब्लँकेटांचं एक गाठोडं पहिल्या रांगेत खुर्ची अडवून बसलं होतं. गर्दी बघून विभागप्रमुख भारावले. काकांनी लग्नकार्यातला कोट घातला होता. ते तासभर इंग्रजीत बोलले. फळ्यावर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मी पाहुण्यांकडे बघत होतो. त्यांच्यापैकी एकही जण फळ्याकडे बघत नव्हता, सगळे आपापल्या मोबाइलवर आपापलं पान काढून तयार होते.

‘एनी क्वेश्चन्स?’ विभागप्रमुखांनी विचारलं.

एकदम पंधरा-वीस हात वर आले. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, तरी हात तिथेच होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मला वाटलं, आत्ता उठून दिवे घालवावेत.

दामूअण्णांनी माइक घेतला. ‘बळवंता, चौथ्या खोक्यातलं ते पान. मागची बाजू. त्यात लिहिलेलं साफ चूक आहे.’

काका पुढे झुकले. ‘कुठलं समीकरण म्हणतोयस दामू?’

‘समीकरण नाही. छत्री.’

‘छत्री?’

‘ती छत्री माझीच होती. मी सोलापूरहून येताना आणली होती.’

मागून निखिल उभा राहिला. ‘काका, माठाच्या बाबतीतही फॅक्ट चेक व्हायला पाहिजे.’ अहिल्यावन्संना माइकची गरजच नव्हती. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, ‘मी मुक्काम वाढवला नव्हता. रिझर्व्हेशन मिळालं नव्हतं. हे असं जगापुढे लिहितात होय?’

विभागप्रमुखांना हा विद्वानांचा वाद वाटला. त्यांनी इशिताला कुजबुजत विचारलं, हे काय म्हणतायत. इशितानेही आपल्या परीने लावलेला अर्थ सांगितला, ‘सर, डेटा पे ऑब्जेक्शन है.’ ते खूश झाले आणि म्हणाले, मग डेटा पडद्यावर दाखवा.

इशिताने पान लावलं. आधी पुढची बाजू आली, काकांच्या बारीक अक्षरातली बेरीज. मग तिने बटण दाबलं आणि भिंतभर मावशीचं अक्षर उमटलं. काका वळले. त्यांनी पहिल्यांदाच ते वाचलं. हाताने खूण करून म्हणाले, ‘पुढचं.’ मग आणखी पुढचं. कोणाला किती दिवस ताप होता, कोणासाठी दूध जास्त घेतलं, कोणाला स्टेशनवर सोडायला गेली, कोण निघताना न सांगता गेलं. मधल्या एका पानावर फक्त एवढंच होतं: ‘आज कोणी नाही. हे प्रयोगशाळेत. एकटीने चहा घेतला, बरा झाला होता.’ त्या पानावर काका बराच वेळ थांबले.

मग ते दामूअण्णांकडे वळले. ‘छत्री माझी होती, दामू,’ ते म्हणाले. ‘लाकडी मुठीची. मी ती वर्षभर शोधत होतो.’

दामूअण्णांनी घड्याळ पाहिलं आणि गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं. मग सगळ्यांनाच गाडीची वेळ झाली. बॅगांची चाकं वाजली, ब्लँकेटांचं गाठोडं दारात अडकलं, सुटलं. सभागृह रिकामं झालं. उरले विभागप्रमुख, इशिता, मी आणि पहिल्या रांगेच्या टोकाला मावशी. काका खडू हातात घेऊन उभे होते. आपल्याला जे प्रश्न आले ते कसले होते, हे आता त्यांना नीट कळलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

विभागप्रमुख सवयीने म्हणाले, ‘सो, टी इज रेडी.’

मावशीने हात वर केला.

तिने शाळेतल्या मुलीसारखा कोपर टेकवून हात वर धरला होता. काकांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, ‘बोल ना प्रभा.’

‘अहो, तुमचं आत्ताचं इंग्रजीतलं मला सगळं नाही समजलं,’ मावशी म्हणाली. ‘पण जेवताना तुम्ही इतकी वर्षं सांगताय ते कानावर पडलंय. बाहेरून येतो तो अणू कुठे बसतो, किती राहतो, कधी जातो, सगळं तुम्ही मोजलंत. पण ज्यांच्या जागेत तो येऊन बसतो, ते जे मूळचे असतात तिथले, त्यांचं काय होतं?’

काका फळ्याकडे वळले. त्यांनी आपलंच समीकरण वरपासून खालपर्यंत वाचलं. खडू एका जागी टेकवला, उचलला.

‘ते हलत नाहीत,’ ते म्हणाले. ‘म्हणजे मी तसं गृहीत धरलंय. ते आपल्या जागी असतातच, असं.’

‘का?’

‘तसं धरलं नाही तर गणित सुटत नव्हतं.’

काकांनी कोटाच्या बाहीने फळ्याचा मोठा भाग पुसून टाकला. बाही पांढरी झाली.

‘सुरुवातीपासून मांडावं लागेल,’ ते मराठीत म्हणाले. ‘वेळ लागेल, प्रभा.’

‘लागू दे,’ मावशी म्हणाली. ‘आज घरी कोणी यायचं नाहीये.’